बदली न आलेल्या बोटी

गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी दारात बदलीवाल्यांचा घोळका उभा असे. साच्यावरचा माणूस आजारी पडला, गावी अडकला, की जॉबर बोट दाखवी आणि घोळक्यातला एक जण आत जाई. बदलीवाल्याचं जिणं हलाखीचं होतं. आज काम, उद्या नाही. पण त्याच्यामुळे साचा थांबत नसे. लालबाग-परळच्या बोलीत ‘बदली’ हा शब्द असा आला. आमच्या पिढीला तो अजून त्याच अर्थाने ऐकू येतो.

हे पुस्तक लिहिणारे गृहस्थ आणि मी लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. चाळीत त्यांना सगळे अण्णा म्हणत, मीही म्हणतो. वडील गिरणीत, मुलगा गोदीत. विसाव्या वर्षी ते अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले आणि प्लेटर, म्हणजे पत्रेकाम करणारे कारागीर, म्हणून निवृत्त झाले. मी वर्तमानपत्रात गेलो. मागच्या दिवाळीत त्यांनी चार लांबुळक्या वह्या माझ्या पुढ्यात टाकल्या आणि म्हणाले, ‘छापतायत. तू दोन शब्द लिही.’ दोन शब्दांचं काय झालं ते वाचक बघतोच आहे.

वह्यांमध्ये एक वाक्य सारखं येतं: बोट म्हातारी झाली म्हणून अडत नाही, तिची बदली आली नाही म्हणून अडतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते चटकदार वाटलं. चौथ्या वहीपर्यंत पोचलो तेव्हा लक्षात आलं की अख्खं पुस्तक याच एका वाक्याचा हिशेब आहे. आपल्या नौदलातली जहाजं का म्हातारी होतात, त्यांच्या जागी येणारी का वेळेवर येत नाहीत, आणि मधल्या काळात काय होतं. यात गुप्त असं काही नाही. जे आहे ते सरकारी निवेदनांत, संसदेतल्या उत्तरांत, महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आणि वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं आहे. अण्णांचं म्हणून जे आहे ते म्हणजे हात.

गिरणगाव म्हटलं की लोकांना गिरण्याच आठवतात. पण आमच्या चाळीतून सकाळच्या पाळीला दोन रस्ते फुटत. एक डिलाइल रोडकडे, एक हार्बर लाइनकडे. दुसऱ्या रस्त्याने जाणारे डॉकयार्ड रोडला उतरून माझगाव डॉकमध्ये शिरत, नाहीतर बसने फोर्टात जाऊन लायन गेटमधून नेव्हल डॉकयार्डमध्ये. या दोन जागांमधला फरक अण्णा पहिल्याच प्रकरणात सांगतात आणि तो नीट ध्यानात ठेवलेला बरा: माझगावला बोट जन्माला येते, लायन गेटच्या आत तिची दुरुस्ती होते. तिसरी जागा रे रोडच्या अंगाला, दारूखाना. तिथे ती मोडतात. या तिन्ही जागा चार-पाच मैलांच्या पट्ट्यात आहेत. जन्म, दवाखाना आणि मसणवटा इतक्या जवळ असलेली नौदलाची शहरं जगात फार नसावीत.

हा पट्टा जुना आहे. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून 1736 मध्ये मुंबईला आले. 1750 मध्ये इथे सुकी गोदी बांधली गेली. त्याच घराण्याने मलबारी सागवानाची जहाजं बांधली. त्यातलं ‘ट्रिंकोमाली’ 1817 मध्ये मुंबईच्या पाण्यात उतरलं आणि ते आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. दोनशे वर्षांहून जास्त. अण्णांना याचं भारी कौतुक. मी त्यांना म्हटलं, सागवान आणि पोलाद यांची बरोबरी कशी करता? तर म्हणाले, बरोबरी नाही करत, जपणूक बघतो.

जपणूक नसली की काय होतं याचं उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. तुळाजी आंग्रे डोईजड झाले म्हणून पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाच्या पाण्यात आंग्ऱ्यांचं आरमार जळालं. पुढे पेशव्यांच्या धुळप सरदारांनी विजयदुर्गावरून आरमार चालवलं, लढायाही जिंकल्या. पण कान्होजी आंग्ऱ्यांच्या वेळचा दरारा परत आला नाही. 2022 मध्ये नौदलाच्या निशाणावर शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा सगळ्यांना सिंधुदुर्ग आठवला. मला विजयदुर्ग आठवला. आरमार एका दिवसात जळतं, पण ते बांधणारे सुतार-लोहार तयार व्हायला एक पिढी लागते.

आता जहाजाच्या वयाबद्दल. माणसाचं वय जन्मतारखेवरून मोजतात. बोटीचं मोजताना पत्र्याला हात लावावा लागतो. सुक्या गोदीत बोट घेतात तेव्हा आधी गोदीच्या तळाला ठोकळे मांडतात, बोटीच्या पोटाच्या आकाराबरहुकूम. मग पाणी आत घेतात, बोट ठोकळ्यांच्या बरोबर वर आणतात, दार लावतात आणि पाणी उपसायला लागतात. पाणी उतरेल तशी बोट हळूहळू ठोकळ्यांवर बसते. पाणी सगळं गेलं की जे दिसतं त्याचं वर्णन अण्णांनी दीड पान केलंय, ते मुळातूनच वाचावं. पोटाला शेवाळ, त्यात दाटीवाटीने चिकटलेले शिंपले, त्यांचा कुबट वास, आणि त्याखाली कुठे रंग, कुठे गंज. गंज पोलादाऐवजी आपल्याकडे ओढून घ्यावा म्हणून बसवलेले जस्ताचे ठोकळे झिजून साबणाच्या वडीएवढे उरलेले. मग खरवडणं, धुणं, आणि हातभर अंतरावर खुणा करून प्रत्येक जागी पत्र्याची जाडी मोजणं. बारा मिलिमीटरचा पत्रा कुठे नऊवर आलाय, कुठे सातवर. सातवर खडूने फुली. ती फुली म्हणजे त्या जागचा पत्रा कापून नवा बसवायचा.

फुल्या मोजक्या असतील तोवर हे काम सरळ असतं. बोट तीस वर्षांची झाली की फुल्या वाढतात, आणि पत्रा कापला की मागची केबल, मागचा पाइप, त्याच्यामागचा पंप, असं एकेक बाहेर येऊ लागतं. त्या पंपाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झालेली असतात. सोव्हिएत युनियनमध्ये बांधलेल्या बोटीच्या बाबतीत तर तो देशही उरलेला नसतो. सुटे भाग मिळेनात तेव्हा एका बोटीचे काढून दुसरीला लावतात. चाळीत आपण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणतो तसंच, फक्त इथे साखर परत जात नाही. कागदावर दोन बोटी, समुद्रात एक.

साधं गणित बघा. दीडशे जहाजांचं आरमार आहे आणि एका जहाजाचं आयुष्य तीस वर्षं धरलं, तर नुसतं आहे तिथे उभं राहायला दर वर्षी पाच नवी जहाजं हवीत. वाढायला नव्हे, टिकायला. एखाद्या वर्षी दोनच आली तर तीन जुन्यांना टेकू लावावे लागतात. टेकू म्हणजे काय ते आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही. जुन्या चाळीला दोन पावसाळ्यांसाठी म्हणून वासे लावतात. इमारत पडायचीच आहे म्हणून दुरुस्ती होत नाही आणि फाइल पुढे सरकत नाही म्हणून इमारत पाडली जात नाही. पंधरा वर्षांनी त्या वाशांना कपड्यांच्या दोऱ्या बांधलेल्या असतात. नौदलाच्या टेकूला रिफिट म्हणतात. रिफिट हवंच, चांगल्या बोटीलाही हवं. पण बदलीच्या ऐवजी रिफिट हा टेकूच.

‘विक्रांत’ची गोष्ट बहुतेकांना तोंडपाठ आहे. मार्च 1961 मध्ये बेलफास्टला नौदलात आली, नोव्हेंबरात मुंबईला पोचली, 1971 मध्ये पूर्वेच्या समुद्रात लढली, 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. पुढे काही वर्षं संग्रहालय. आमच्या चाळीने सहलच काढली होती. डेकवर उभं राहून सगळ्यांनी फोर्टाकडे तोंड करून फोटो काढले, समुद्राकडे पाठ करून. अखेर 2014 मध्ये ती लिलावात सुमारे साठ कोटींना गेली आणि दारूखान्यात मोडली गेली. तिच्या धातूतून एका कंपनीने मोटारसायकली काढल्या आणि त्या खपल्याही. लोक हळहळले ते संग्रहालय गेलं म्हणून. अण्णांची हळहळ वेगळी आहे. ते विचारतात, 1997 मध्ये ती गेली त्या दिवशी तिची बदली कुठे होती? कोचीला नव्या ‘विक्रांत’चं कील, म्हणजे तळाचा कणा, ठेवलं गेलं 2009 मध्ये, आणि ती नौदलात आली 2 सप्टेंबर 2022 रोजी. मधली पंचवीस वर्षं.

त्यातली सोळा वर्षं एकट्या ‘विराट’ने काढली. तिचं कील दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये ठेवलेलं. इंग्रजांकडे ‘हर्मिस’ म्हणून 1959 मध्ये दाखल, फॉकलंडची लढाई करून आपल्याकडे 1987 मध्ये आली, आणि 6 मार्च 2017 रोजी मुंबईत सूर्यास्ताला तिचं निशाण उतरलं. जिला 2008 मध्ये यायचं होतं ती रशियाची ‘विक्रमादित्य’ 2013 च्या नोव्हेंबरात नौदलात दाखल झाली, किंमत दुपटीच्या वर जाऊन. ‘विराट’चं निवतीच्या समुद्रात संग्रहालय करायची 852 कोटींची योजना राज्य मंत्रिमंडळाने 2018 मध्ये मंजूर केली होती. सप्टेंबर 2020 मध्ये ती ओढत अलंगला नेली. भंगाराची किंमत आली 38 कोटी 54 लाख.

मधल्या काळात काय होतं, या प्रकरणावर मी अण्णांशी भांडलो. 2011 च्या जानेवारीत मुंबई बंदरात व्यापारी जहाजाशी टक्कर होऊन ‘विंध्यगिरी’ पेटली आणि बुडाली. 14 ऑगस्ट 2013 च्या मध्यरात्री डॉकयार्डमध्ये ‘सिंधुरक्षक’ पाणबुडीत स्फोट होऊन 18 जण गेले. 26 फेब्रुवारी 2014 रोजी मुंबईजवळ समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत धूर भरून दोन अधिकारी गेले, आणि त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. डिसेंबर 2016 मध्ये ‘बेतवा’ सुक्या गोदीतून बाहेर काढताना ठोकळ्यांवरून घसरून आडवी झाली, दोन नौसैनिक गेले. जुलै 2024 मध्ये ‘ब्रह्मपुत्रा’ला गोदीत आग लागली, एक नौसैनिक गेला. अण्णांनी ही यादी एकाखाली एक लिहून शेवटी ‘म्हातारपण’ असं लिहिलं होतं. मी म्हटलं, असं नाही चालणार. ‘सिंधुरक्षक’ रशियातून मोठं रिफिट करून नुकतीच आली होती. ‘बेतवा’ गोदीत पडली, त्यात तिच्या वयाचा संबंध काय? टकरीला वय नसतं. बऱ्याच अपघातांत माणसांच्या चुका, नियम न पाळणं अशी कारणं निघाली. अण्णांनी ऐकलं, तो शब्द खोडला आणि त्या जागी जे लिहिलं ते पुस्तकात आहे: ज्या गोदीत जुन्या बोटींची गर्दी असते तिथे दर बोटीमागे काम जास्त, घाई जास्त, आणि घाईत चूक होते. हे मला पटलं. वाचकाला पटतं का ते त्याने बघावं.

पुस्तकाचा गाभा मात्र पाणबुडीचं प्रकरण. इथे अण्णा रेंगाळतात, आणि मीही रेंगाळणार आहे.

1981 च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी करार झाला. दोन पाणबुड्या तिथल्या कील शहरात बांधायच्या, दोन माझगावला. आपली माणसं जर्मनीला शिकायला गेली. पाणबुडीचं वेल्डिंग म्हणजे काय हे अण्णा फार छान समजावतात. पाणबुडीचं आतलं कवच म्हणजे एकेक गोल कडं जोडत नेलेली नळी. खोल पाण्यात ती चहूबाजूंनी दाबली जाते, आणि दाब सहन करायचा तो गोलाईच्या जोरावर. गोलाई काही मिलिमीटर चुकली तरी कवच कमकुवत. म्हणून प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात. आत केसाएवढी चीर किंवा हवेचा बुडबुडा दिसला की सगळा जोड खरवडून पुन्हा. पत्रा आधी तापवायचा, ठरलेल्या तापमानात ठेवायचा, वेल्डरने आडवं पडून, उताणं पडून, डोक्यावर हात धरून एकसारखी रेघ ओढायची. असा वेल्डर वर्गात बसून तयार होत नाही. अण्णांच्या शब्दांत, त्याच्या हाताला पाणबुडी लागावी लागते.

जर्मनीत बांधलेल्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ 1986 मध्ये नौदलात दाखल झाल्या. माझगावला बांधलेली पहिली पाणबुडी ‘शाल्की’ 7 फेब्रुवारी 1992 रोजी नौदलात गेली, ‘शंकुल’ 1994 मध्ये. तोवर 1987 मध्ये या करारातल्या दलालीचं प्रकरण उठलं होतं. पुढच्या दोन पाणबुड्यांचा विषय मिटला आणि माझगावची पाणबुडीची ओळ थांबली. दलाली खाल्ली असेल तर खाणाऱ्याला तुरुंगात घाला, याबद्दल कुणाचंच दुमत नाही. पण शिक्षा झाली ती शेडला. ज्या शेडमध्ये कड्यांवर कडी चढत होती ती रिकामी पडली. जर्मनीत शिकून आलेले वेल्डर फ्रिगेटवर गेले, काही आखातात गेले, उरलेले एकेक करून निवृत्त झाले. 1982 च्या गिरणी संपानंतर आमच्या भागात असंच झालं. साचे भंगारात गेले त्याचं दुःख झालं, पण चार साचे एकाच वेळी सांभाळणारा माणूस वॉचमन म्हणून उभा राहिला तेव्हा जी विद्या गेली ती कुणी कुठे नोंदवली नाही.

1999 मध्ये तीस वर्षांत चोवीस पाणबुड्या बांधायची योजना मंजूर झाली. 2005 च्या ऑक्टोबरात फ्रेंच ‘स्कॉर्पिन’च्या सहा पाणबुड्यांचा करार झाला. पहिली 2012 मध्ये यायची होती. माझगावच्या शेडमध्ये पुन्हा नवखे हात, पुन्हा एक्स-रे, पुन्हा खरवडणं. बाहेरून यायचं साहित्यही रखडलं. ‘कलवरी’ 14 डिसेंबर 2017 रोजी आली. ‘शंकुल’ आणि ‘कलवरी’ यांच्यामध्ये तेवीस वर्षं गेली. सहावी ‘वागशीर’ 15 जानेवारी 2025 रोजी. त्यांच्यासाठी घ्यायचे टॉरपीडो खरेदीच्या वादात बरीच वर्षं अडकून राहिले. पण ज्या हातांनी ‘कलवरी’ अडखळत बांधली, त्यांनीच ‘वागशीर’ सराईतपणे बांधली.

आणि आता? पुढच्या सहा पाणबुड्यांच्या प्रकल्पाला, ज्याला पी-75आय म्हणतात, संरक्षण मंत्रालयाची पहिली तत्त्वतः मंजुरी 2007 मध्ये मिळाली. निविदा निघाली 2021 मध्ये. 2025 साल उलटलं तेव्हा करारावर सही झालेली नव्हती. म्हणजे ‘वागशीर’ बाहेर पडली आणि शेड परत रिकामी. तोवर 1986 च्या ‘शंकुश’ला जून 2023 मध्ये 2,725 कोटींचं रिफिट मंजूर झालं. त्या रिफिटच्या नावातच आयुष्य प्रमाणित करण्याचा उल्लेख आहे. पेन्शनवाले दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात, तसा हा पाणबुडीचा. अण्णा स्वतः दर नोव्हेंबरात रांग लावतात, त्यामुळे या पानावर त्यांनी जरा जास्तच कुत्सित लिहिलंय. मी ते तसंच राहू दिलं.

सुरुंग शोधणाऱ्या बोटींचं प्रकरण लहान आहे, कारण सांगायला काही उरलेलंच नाही. सोव्हिएत बनावटीच्या बारा बोटी होत्या. एकेक निवृत्त होत 2019 मध्ये शेवटची गेली. नव्या बोटींसाठी परदेशी कंपनीशी दोनदा बोलणी झाली आणि दोनदा फिसकटली. 2025 च्या जुलैमध्ये पुन्हा एकदा तत्त्वतः मंजुरी मिळाली. दरम्यान मुंबई आणि न्हावाशेवा ही दोन बंदरं तशीच. सुरुंग ही जुन्या युद्धातली गोष्ट वाटते कुणाला, म्हणून अण्णांनी 1917 ची आठवण दिली आहे. ‘वोल्फ’ नावाच्या जर्मन जहाजाने मुंबईच्या समुद्रात गुपचूप सुरुंग पेरले होते, आणि त्या जूनमध्ये ‘मंगोलिया’ ही पी अँड ओ कंपनीची मोठी बोट त्यातल्या एकावर आदळून बुडाली. सुरुंग स्वस्त असतो. तो काढणारी बोट महाग असते, आणि ती एका वर्षात बांधून होत नाही.

उशीर होतो कुठे? लोकांना वाटतं कारखान्यात. थोडा तिथेही होतो. माझगावला आराखडा पक्का नसताना पत्रा कापायला घ्यायचा आणि बोट अर्धी झाल्यावर नौदलाने नवं रडार किंवा नवं क्षेपणास्त्र बसवायला सांगायचं, हे वर्षानुवर्षं चाललं. ‘कोलकाता’ विनाशिकेचं कील 2003 मध्ये ठेवलं, ती आली 2014 मध्ये. महालेखापरीक्षकांनी 2010-11 च्या अहवालात या सगळ्या प्रकारावर बोट ठेवलं होतं. इंजिनं युक्रेनची, पोलाद रशियाचं, आणि त्या दोन देशांचं काय झालं ते आपण पाहतोच आहोत. पोलाद आता आपलं आहे, हे बरं झालं. पण सगळ्यात मोठा उशीर पत्र्याला हात लागायच्याही आधीचा आहे. गरज मान्य करण्यात, किंमत ठरवण्यात, निविदा काढून रद्द करण्यात तो जातो. सैनिक वाहून नेणारी चार मोठी जहाजं घ्यायची निविदा 2013 मध्ये निघाली आणि 2020 मध्ये मागे घेतली. तोवर आणि अजूनही ते काम 1971 मध्ये अमेरिकेत दाखल झालेली ‘जलाश्व’ करते. पैशाचंही आहे. 2019 च्या डिसेंबरात नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल करमबीर सिंग यांनीच सांगितलं होतं की संरक्षण खर्चातला नौदलाचा वाटा 2012 मधल्या 18 टक्क्यांवरून 13 टक्क्यांवर आला आहे.

हे दुखणं फक्त आपलं नाही. इंग्रजांच्या टाइप 23 फ्रिगेट अठरा वर्षांच्या हिशोबाने बांधल्या होत्या आणि तिशी ओलांडेपर्यंत ताणल्या गेल्या. अमेरिकेने नव्या फ्रिगेटचा कार्यक्रम तीन वर्षं मागे पडल्यावर 2025 च्या नोव्हेंबरात गुंडाळला. चीनच्या गोद्यांची गोष्ट निराळी. त्यांची ओळ रिकामी राहत नाही, एवढंच इथे सांगतो.

अण्णांच्या हातून एक अन्याय झालाय, तो मला इथे भरून काढायचा आहे. वह्यांचा भर 2016 पर्यंतच्या कामावर आहे, त्यामुळे माझगावने नंतर घेतलेला वेग त्यांत पुरेसा आलेला नाही. 15 जानेवारी 2025 रोजी नेव्हल डॉकयार्डमध्ये एकाच दिवशी ‘सुरत’ विनाशिका, ‘नीलगिरी’ फ्रिगेट आणि ‘वागशीर’ पाणबुडी नौदलात गेल्या, तिन्ही माझगावच्या. ‘नीलगिरी’ला 93 महिने लागले, तिच्याच वर्गातल्या, 2025 च्या नोव्हेंबरात दिलेल्या ‘तारागिरी’ला 81. हात बसला की महिने कसे कमी होतात हे याच्यापेक्षा चांगलं कुठे दिसणार? 2019 मध्ये डॉकयार्डला विमानवाहू जहाज मावेल अशी 281 मीटरची सुकी गोदीही मिळाली. तोवर त्या जहाजांना कोचीला जावं लागे.

‘नीलगिरी’ या नावाबद्दल थोडं. पहिली ‘नीलगिरी’ माझगावने 1968 मध्ये पाण्यात सोडली, 1972 मध्ये नौदलात गेली, 1996 मध्ये निवृत्त झाली. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात तशी नौदलात निवृत्त बोटींची नावं नव्या बोटींना देतात. ‘कलवरी’, ‘वागशीर’, ‘विक्रांत’, सगळी नातवंडं. चाळीत मूल जन्माला आलं की बारशाला आजोबा मांडीवर घेऊन बसलेले असत. या घरातल्या बारशांना मात्र आजोबा फोटोतच होते.

अण्णांचं सगळंच मला मान्य नाही. खासगी गोद्यांबद्दल ते फार कडू आहेत. दिल्लीतल्या कारकुनाला ते जो दोष देतात त्यातला निम्मा मंत्र्यांचा आणि थोडा नौदलाचाही आहे. कंत्राटी वेल्डरबद्दलचं प्रकरण मात्र कुणीही टाळू नये. कायम कामगार निवृत्त होतो आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतो. बोट संपली की तो दुसरीकडे जातो, आणि हाताला लागलेली पाणबुडी त्याच्याबरोबर जाते.

ज्यांना वेळ कमी आहे त्यांनी आधी पाणबुडीचं प्रकरण वाचावं, मग सुक्या गोदीचं. पहिलं प्रकरण शेवटी वाचलं तरी चालेल. आणि एक विनंती. डिसेंबरात नौदल सप्ताहात बोटी लोकांना बघायला खुल्या करतात. लायन गेटबाहेरची रांग सकाळीच लागते. मुलांना तोफ दाखवून झाली, फोटो झाले, की तिथल्या नौसैनिकाला दोन प्रश्न विचारा: ही बोट कोणत्या वर्षी दाखल झाली, आणि हिच्या बदलीचं कील ठेवलं का? पहिल्याचं उत्तर तो लगेच देईल.